चौकटीबाहेर राहिलेला गोठा
पाणकाठची मुंबई : भाग सहावा

गेले काही आठवडे आपण समुद्राच्या काठाने चाललो. वांद्र्याचा किल्ला, कार्टर रोड, मरीन ड्राइव्हवरची आर्ट डेको इमारतींची रांग. या सगळ्या ठिकाणी छायाचित्रकाराची एक मोठी सोय असते, ती म्हणजे क्षितिज. ते सरळ धरलं की अर्धं चित्र आपोआप बसतं. आरे कॉलनीत ही सोय नाही. इथे पाणी आहे, पण ते झाडीत आणि उतारांत विखुरलेलं. बागा आहेत, इमारती आहेत, पण एका नजरेत काहीच मावत नाही. त्यामुळे गोरेगाव चेकनाक्यावरून आत शिरणारे बहुतेक जण एकच फोटो काढतात : दोन्ही बाजूंच्या झाडांनी झाकलेला रस्ता, जमल्यास थोडं धुकं. फोटो सुंदर येतो. पण त्यात आरे येत नाही.

आरे ही आखून वसवलेली जागा आहे. मुंबई शहरात दाटीवाटीने उभे असलेले म्हशींचे गोठे बाहेर हलवावेत आणि शहराला स्वच्छ दूध मिळावं, यासाठी १९४९ साली ही वसाहत आकाराला आली. त्यामागचे मुख्य माणूस होते दारा खुरोडी. पुढे १९६३ साली त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्यासोबत त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरू इथे आले आणि त्यांनी झाड लावलं. सुमारे १,२८० हेक्टर जमीन, त्यावर हजारो म्हशींसाठी गोठ्यांची युनिटं, वैरणीसाठी पॅरा गवताची शेतं, मध्ये रस्ते, टेकडीवर विश्रामगृह आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी बागा. सावलीची झाडं लावली गेली, ती याच आखणीचा भाग म्हणून. आजही इथला माणूस पत्ता सांगताना ‘युनिट नंबर’ सांगतो. खुरोडींच्या आराखड्यात गोठा आणि बाग शेजारी-शेजारी होते. आपल्या फोटोंत मात्र बाग राहते आणि गोठा कापला जातो.

म्हणून या फेरीत झाडांच्या आधी उतार पाहायला शिकू. ओशिवरा नदी आरेच्या टेकड्यांत उगम पावते आणि मालाडच्या खाडीला मिळते. पलीकडच्या बाजूला विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचं पाणी एकत्र येऊन मिठी नदी होते आणि माहीमच्या खाडीकडे निघते. पावसाळ्यात रस्त्याकडेचा प्रत्येक ओहोळ यांपैकी कुठे तरी चाललेला असतो. तो कुठून आला आणि कुठे वळला हे नजरेने शोधा, कॅमेरा त्या दिशेला धरा. क्षितिज नसलं तरी उतार आहे, आणि चित्राला कणा तोच देतो.

सुरुवात ‘छोटा काश्मीर’ बागेपासून करावी, कारण तिथे तलाव, बाग आणि बांधलेला काठ एकत्र मिळतात. पाण्याचा फोटो काढताना कॅमेरा कुठल्या उंचीवर आहे याने फार फरक पडतो. प्रकाश पाण्यावर जितका तिरपा येतो तितका तो अधिक परावर्तित होतो. म्हणून कॅमेरा पाण्याजवळ खाली नेला की झाडांचं प्रतिबिंब ठसठशीत होतं, उभं राहून खाली पाहिलं की प्रतिबिंब विरतं आणि तळ, शेवाळ, पानं दिसू लागतात. दोन्ही फोटो खरे आहेत. तलाव कसा सांभाळला जातोय हे सांगायचं असेल तर दुसरा काढा.

इथे पोलरायझर फिल्टर उपयोगी पडतो. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन करून पाहिलं तर तो पाण्यावरची चकाकी जवळजवळ पुसून टाकतो. पावसानंतरच्या ओल्या पानांवरही हीच चकाकी असते आणि तीच पानांचा हिरवा रंग फिका, पांढरट करते. फिल्टर हळूहळू फिरवत पाहा आणि रंग भरून आला की थांबा. फोनवर फोटो काढत असाल तर पोलराइज्ड गॉगलची काच लेन्ससमोर धरून फिरवली तरी काम भागतं.

आरेतला प्रकाश फसवा आहे. रेन ट्रीच्या छत्रीखाली गडद सावली आणि पानांच्या फटींतून पांढरंफक आकाश, एवढा फरक कॅमेऱ्याला झेपत नाही. आकाशाच्या उजेडावर मोजमाप ठेवा (फोनवर तिथे बोट टेकवा) आणि सावली नंतर थोडी उजळा. पानांतून गाळून आलेला उजेड हिरवा असतो, त्यामुळे झाडाखालची माणसं आजारी दिसतात. व्हाइट बॅलन्स किंचित मॅजेंटाकडे सरकवला की त्वचेचा रंग जाग्यावर येतो. आणि पावसाळ्यात एसी गाडीतून उतरल्याबरोबर कॅमेरा बाहेर काढू नका. थंड काचेवर बाष्प धरतं. बॅग बंद ठेवून थोडं चाला, चहा घ्या, मग काढा.

आता गोठे. लांबट, उतरत्या छपरांचे, बाजूंनी उघडे. म्हशीला घाम फारसा येत नाही, तिला उष्णता सोसत नाही, म्हणून सावली आणि खेळती हवा या दोनच गोष्टींवर ही रचना उभी आहे. मुंबईच्या वास्तूंच्या याद्यांमध्ये या गोठ्यांचं नाव कुणी घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. गरजेतून आलेली इतकी सरळ वास्तुरचना या शहरात फार ठिकाणी पाहायला मिळत नाही.

त्यांचे फोटो मे महिन्यात काढू नयेत. मेच्या मध्यावर मुंबईत सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस तोच. छप्पर तापून पांढरं पडतं आणि आत काळोख. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य ४८ अंशांच्या आसपासच असतो, तेव्हा ऊन दक्षिणेकडून आत शिरतं आणि खांबांची ओळ, गव्हाणी, जनावरांच्या पाठी, सगळं दिसू लागतं. खांब सरळ हवे असतील तर कॅमेरा वर कलता करू नका. मागे सरका, कॅमेरा उभ्या रेषेत धरा, खाली जास्तीची जमीन आली तर नंतर छाटा. गोठा कुणाच्या तरी पोटापाण्याची जागा आहे, तेव्हा मालकाला विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नये.

हेच पाड्यांबाबत. गोठे येण्याआधीपासून या टेकड्यांवर आदिवासी राहतात. केलटीपाड्यासारख्या ठिकाणी घरांच्या भिंतींवर वारली चित्रं दिसतात आणि कॅमेरा लगेच वर जातो. आधी बोला. “मावशी, तुमच्या भिंतीचा फोटो काढू का?” एवढं विचारलं की बहुतेकदा चित्र कुणी काढलं, कधी काढलं हेही कळतं. रस्त्याकडेला रानभाज्यांचे वाटे लावून बसलेल्या बायकांचे फोटो गाडीतून झूम करून काढण्याची रीत मला अजिबात पटत नाही. बिबट्याही इथलाच रहिवासी आहे. पाण्याकाठी वाकून, खाली बसून काढायचे फोटो उजाडल्यावर काढा. तिन्हीसांजेला गवतात बसून राहणं धोक्याचं आहे.

गोठा चौकटीत घ्या असं मी इतक्या आग्रहाने म्हणतो, त्याला कारण आहे. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने आरेतल्या मेट्रो कारशेडच्या विरोधातल्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडं तोडायला सुरुवात झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडं पडली होती. त्या सगळ्या काळात ‘आरे जंगल आहे की नाही’ हा वाद चालला. एका बाजूचे फोटो निव्वळ हिरवे, दुसऱ्या बाजूचे निव्वळ गोठे आणि बांधकामं. दोन्ही कापलेले. माझ्या मते, ज्या फोटोत म्हशी, पाडा, लावलेली झाडं आणि आपोआप उगवलेलं रान एकत्र दिसतं, त्यातच ही जागा वाचवण्याचं खरं कारण दिसतं. माणसांनी वापरलेल्या जमिनीवरही एवढं जीवन टिकून राहिलं. तसे फोटो त्या वेळी फारच थोडे होते. आता काढायला हवेत, कारण पुढचा वाद आला की पुरावा म्हणून जुनेच फोटो लागतात.

या आठवड्याचा सराव असा. मेट्रो ३ च्या ‘आरे जेव्हीएलआर’ स्थानकावर उतरा किंवा गोरेगावहून या. एक ओहोळ निवडा आणि त्याच्या वाटेवर, रस्ता न सोडता जिथपर्यंत जाता येईल तिथपर्यंत जा. त्या वाटेवरचे पाच फोटो काढा, प्रत्येकात पाण्याबरोबर माणसाने बांधलेली एक तरी गोष्ट हवी : मोरी, कठडा, गोठा, पायरी, घर. काहीही छाटू नका.

पुढच्या आठवड्यात टेकडी ओलांडून पवई तलावावर जाऊ. १८९१ सालच्या या तलावाच्या काठाने पालिकेने सायकल ट्रॅक बांधायला घेतला होता आणि मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. काठ कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं, हे फोटोत कसं दाखवायचं ते तिथे पाहू.