लोलकावाचून वर्णपट

प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठराविक रेषांनी वर्णपटात ओळखू येते, हे किर्खोफ व बुन्सेन या हायडेलबर्गच्या जोडीने १८५९-६०च्या सुमारास सिद्ध केले, आणि पुढे आठ-नऊ वर्षांतच सूर्याच्या प्रकाशात लॉकयरला जी अनोळखी पिवळी रेषा आढळली तिच्यावरून हेलियमचे अस्तित्व पृथ्वीवर ते सापडण्यापूर्वीच तर्किले गेले. मात्र असा चमत्कार घडविणारे यंत्र अवजड असे. कारण लोलकाने वा सूक्ष्म रेषांच्या जाळीने फाकलेले रंग परस्परांपासून स्पष्ट वेगळे दिसावयाचे, तर त्यांना पुरेसे अंतर चालू द्यावे लागते, आणि ते अंतर कापले की रंग एकमेकांत मिसळतात.

ही अट टाळण्याची युक्ती मोठी मार्मिक आहे. रंग वेगळे करण्याचा आग्रहच सोडावयाचा! जी बाओ आणि मौंगी बावेंडी यांनी २०१५ साली कॅडमियमच्या संयुगांचे क्वांटम डॉट, म्हणजे आकार बदलताच शोषणाचा रंग बदलणारे अतिसूक्ष्म कण, घेऊन १९५ निरनिराळ्या गाळण्या केल्या व त्या प्रकाशसंवेदकावर बसविल्या. प्रत्येक गाळणीतून येतो तो मिश्र प्रकाशच. परंतु चौकशीत एकेका साक्षीदाराची जबानी अपुरी असली तरी कोणाची दृष्टी कशी हे आधी ठाऊक असल्यास सर्व जबान्या ताडून घटना उभी करता येते, तद्वत संगणक त्या १९५ नोंदींवरून मूळ वर्णपट गणिताने मांडतो. फिनलंडातील आल्टो विद्यापीठाच्या पुढाकाराने २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तर एकच संवेदक पुरला: अणूंच्या मोजक्या थरांच्या दोन पदार्थांच्या संधीवरील विद्युत्दाब बदलत गेले की त्याची रंगसंवेदना बदलत जाते, आणि त्या संधीचे क्षेत्र अवघे २२ बाय ८ मायक्रोमीटर.

तथापि एक भेद विसरता कामा नये. लोलक रंग पृथक् करून प्रत्यक्ष समोर ठेवतो. ही सूक्ष्म यंत्रे त्यांचे अनुमान करतात, आणि त्या अनुमानाची सारी भिस्त आगाऊ केलेल्या अंशांकनावर असते. तापमान बदलले, गाळणी जुनी झाली किंवा प्रकाश क्षीण पडला, की नोंदींत शिरलेली किंचित चूक गणितात फुगते. म्हणून फळाची पक्वता अजमावण्यास किंवा कापडाचा रंग जुळविण्यास खिशातले यंत्र खुशाल वापरावे. औषधाच्या शुद्धतेचा दाखला मात्र तूर्त प्रयोगशाळेतील जुन्या, लांबरुंद यंत्राकडूनच घ्यावा.