पेशींची ओळखपरेड – लेखांक ११ : यकृतातली चाळण

गेल्या आठवड्यात आपण यकृताच्या मुख्य पेशी, हेपॅटोसाइट, पाहिल्या. यकृताच्या आकारमानाचा सुमारे ८० टक्के भाग त्यांनीच व्यापलेला, त्यामुळे त्या शोधाव्या लागत नाहीत. आजची पेशी नेमकी उलटी. संख्येने ती यकृतातल्या पेशींच्या १५-२० टक्के भरते, पण इतकी पातळ पसरलेली असते की आकारमानात तिचा वाटा जेमतेम ३ टक्के. सायनुसॉइड नावाच्या बारीक रक्तवाटांना आतून अस्तर लावणारी ही एंडोथेलियल पेशी.

रक्तवाहिनी म्हटली की एंडोथेलियल अस्तर आलेच. मग यकृतातल्या अस्तराचे एवढे कौतुक कशाला? कारण ते चाळणीसारखे आहे. साधारण १०० ते १५० नॅनोमीटरची आरपार भोके त्यात झुबक्याझुबक्याने असतात. भोकांवर पडदा नाही, पेशीखाली नेहमीचा आधारपटलही नाही. द्रव, प्रथिने आणि चरबीचे छोटे कण थेट हेपॅटोसाइटला जाऊन भिडतात. तांबडी पेशी भोकाच्या पन्नासपट मोठी, ती रक्तातच राहते.

साध्या सूक्ष्मदर्शकाला इतके बारीक दिसत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावरही वाद उरलाच : दिसते ते मुळातले भोक, की नमुना तयार करताना फाटलेले अस्तर? १९७० मध्ये एडी विस यांनी उंदराच्या यकृताचा तुकडा रसायनात बुडवण्याऐवजी ग्लुटराल्डिहाइड रक्तवाटेनेच आत सोडले. वाटा उघड्या राहिल्या, पेशी जागच्या जागी पक्क्या झाल्या, आणि भोके ठरावीक मापाची, गटागटाने मांडलेली दिसली. चुकून फाटणारे अस्तर इतके शिस्तीत फाटत नाही.

माणसाच्या यकृताचे काम अधिक किचकट. नमुना मिळतो तो प्रत्यारोपणाला न चाललेल्या यकृतातून, नाहीतर गाठ कापताना सोबत आलेल्या ‘निरोगी दिसणाऱ्या’ भागातून. (‘दिसणाऱ्या’ हा शब्द जपूनच वाचावा.) त्यात कोलॅजिनेज सोडून ऊती सैल करायची आणि सेंट्रिफ्यूज मंद गतीने फिरवायचे. थोराड हेपॅटोसाइट तळाशी बसतात, आपली पेशी वरच्या द्रवात राहते. पण तिथे ती एकटी नसते. कुप्फर पेशी, लिम्फोसाइट आणि मोठ्या शिरांचे अस्तरही तिथेच तरंगत असते.

आता यातून तिला उचलायचे कसे? सीडी३१ या प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी चुंबकी मण्यांवर लावून पेशी ओढून घेणे सोपे, पण फसवे. सीडी३१ सगळ्याच एंडोथेलियल पेशींवर असते, काही पांढऱ्या पेशींवरही. लाइव्ह-१ त्याहून नेमके, पण ते लसिकावाहिन्यांवरही सापडते. सीडी३४ उलट्या बाजूने उपयोगी पडते : इतर केशवाहिन्यांवर ते असते, निरोगी सायनुसॉइडवर बहुतांशी नसते. म्हणून सीडी३२बी, स्टॅबिलिन-२ यांसारख्या खुणा हजर आणि सीडी३४ गैरहजर, असा मेळ पाहावा लागतो. एकाच खुणेवर बेतलेल्या निष्कर्षांवर माझा तरी चटकन विश्वास बसत नाही.

त्यातही मेख आहे. लाइव्ह-१ आणि सीडी३२बी मध्य शिरेच्या बाजूला भरपूर, पोर्टल शिरेजवळ अगदी नगण्य. या दोन खुणांचा आग्रह धरला की पोर्टल बाजूच्या अस्सल पेशीच वगळल्या जातात. २०१८ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी पाच दात्यांच्या यकृतांतल्या ८,४४४ पेशींचा आरएनए पेशीगणिक वाचला, तेव्हाही दोन्ही बाजूंच्या पेशी वेगळ्या पडल्या.

खुणांपेक्षा मला कामाची परीक्षा अधिक पटते. फॉर्माल्डिहाइडने बिघडवलेले अल्ब्युमिन चमकत्या रंगासह दिले, की ही पेशी ते झपाट्याने गिळते. रक्तातला असला कचरा उचलणे हा तिचा रोजचा धंदा. मात्र परीक्षा ताज्या पेशीची घ्यावी. प्रयोगशाळेच्या बशीत एक-दोन दिवसांत भोके बुजू लागतात, कारण शेजारच्या पेशींकडून मिळणारे व्हीईजीएफसारखे संदेश तुटलेले असतात. सिरॉसिसमध्ये हेच शरीरातच घडते : भोके मिटतात, खाली आधारपटल साचतो, सीडी३४ उगवते. शाफ्नर आणि पॉपर यांनी हा बदल १९६३ मध्येच नोंदवला होता.

एवढ्या बारकाईने ओळख पटवून साधते काय, याचे उत्तर हिमोफिलिया ए देतो. या रुग्णाला नवे यकृत बसवले की रक्त गोठवणारा फॅक्टर ८ तयार होऊ लागतो, हे जुने ज्ञान. तो हेपॅटोसाइट बनवतात असा अनेकांचा समज होता. २०१४ मधल्या उंदरांवरच्या प्रयोगांनी बोट एंडोथेलियल पेशींकडे वळवले. तरीही २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली या रोगावरची जनुकोपचार पद्धत जनुक पोचवते ते हेपॅटोसाइटमध्येच, आणि तिच्यात फॅक्टरची पातळी वर्षागणिक घसरताना दिसते. परक्या पेशीवर हे काम लादल्यामुळे असे होते का, यावर सध्या खल चालू आहे.

पुढच्या आठवड्यात याच अस्तराला चिकटून राहणारी कुप्फर पेशी.