नवा कॅमेरा हाती आल्यावर (भाग ७) : अळीचा खरा डोळा

गेल्या आठवड्यात आपण ॲपर्चरचे आकडे पाहिले. एफ/४ला मागचं सगळं धूसर होतं, एफ/११ला जवळच्या झाडापासून लांबच्या डोंगरापर्यंत बरंच स्पष्ट येतं. आज तेच आकडे घेऊन कढीपत्त्याच्या कुंडीपाशी बसायचं आहे. जवळ गेलं की हे आकडे वेगळे वागू लागतात.

कढीपत्ताच का, तर ते लिंबाच्या कुळातलं झाड आहे आणि कॉमन मॉरमॉन फुलपाखराची मादी या कुळातल्या झाडांच्या पानांवर अंडी घालते. अळी लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून ती आपल्या नजरेतून सुटते. शेवटच्या टप्प्यात ती हिरवी होते, चारेक सेंटिमीटर लांब भरते आणि बराच वेळ एकाच जागी बसून राहते. नवशिक्याला याहून चांगलं मॉडेल मिळणार नाही. सुरुवातीलाच फुलपाखरांमागे धावण्यात काही अर्थ नाही असं माझं ठाम मत आहे. त्यात पाय शिकतात, डोळे शिकत नाहीत.

आधी आपली लेन्स किती जवळचं टिपू शकते ते मोजून घ्या. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ची लेन्स ५५वर ठेवा, मॅन्युअल फोकसवर आणा आणि फोकसची रिंग सगळ्यात जवळच्या अंतरावर न्या. आता शाळेतली फूटपट्टी स्पष्ट दिसेपर्यंत कॅमेरा तिच्याजवळ न्या आणि फोटो काढा. चौकटीच्या रुंदीत पट्टीचे किती मिलिमीटर आले? तुमचा सेन्सर एपीएस-सी असेल तर तो सुमारे २३ मिलिमीटर रुंद आहे. चौकटीत पट्टीचे ९२ मिलिमीटर आले, तर वस्तूची सेन्सरवरची प्रतिमा मूळ आकाराच्या पाव पट झाली. खऱ्या मॅक्रो लेन्समध्ये ती मूळ आकाराएवढी पडते, म्हणजे पट्टीचे २३ मिलिमीटरच चौकट भरून टाकतात. पाव पटीलाही हिरवी अळी चौकटीची जवळजवळ निम्मी रुंदी व्यापते. शिकायला एवढं पुरेसं आहे. एक मिलिमीटरच्या आसपासचं तिचं अंडं मात्र या लेन्सच्या आवाक्याबाहेरचं.

आता मुख्य मुद्दा. पाव पटीला, एफ/८वर, स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची जाडी साधारण ६ मिलिमीटर असते. मूळ आकाराएवढी प्रतिमा घ्यायला गेलात, की तीच जाडी जेमतेम ०.६ मिलिमीटरवर येते. तांदळाचा दाणासुद्धा याहून जाड असतो. एफ/१६ केलंत तर ती दुप्पट होते, पण त्याहून पुढे गेल्यावर बारीक छिद्रातून येणारा प्रकाश पसरतो आणि सगळाच फोटो मऊ पडतो. महागडी लेन्स घेऊनही यातून सुटका नाही, कारण तेवढ्याच पटीला, तेवढ्याच ॲपर्चरला ही जाडी कोणत्याही लेन्समध्ये जवळपास तेवढीच राहते. म्हणून क्लोज-अपमध्ये ठरवायचं असतं ते हे, की हा पातळ पट्टा प्राण्याच्या कुठल्या भागावर टाकायचा.

अळीसमोर तोंड करून बसलात, तर चार सेंटिमीटरपैकी ६ मिलिमीटरच हाती लागतील. बाजूने बसून सेन्सर तिच्या लांबीला समांतर धरलात, तर तेवढ्याच ६ मिलिमीटरमध्ये डोक्यापासून शेपटीपर्यंतची सगळी कड येते. आकडे बदलायच्या आधी जागा बदला.

आणि डोळ्यावर फोकस करा, हा सल्ला तुम्ही ऐकला असेलच. इथे तो जपून पाळायचा. या हिरव्या अळीच्या पुढच्या फुगीर भागावर जे दोन ठसठशीत डोळे दिसतात, ते नुसते ठिपके आहेत, शत्रूला बिचकवण्यासाठी. खरं डोकं त्याच्या पुढे, खाली दुमडून घेतलेलं असतं आणि खरे डोळे अगदी बारीक. दोन्ही एका पट्ट्यात बसले नाहीत तर निवड करावी लागते. तिचं सोंग दाखवायचं असेल तर ठिपक्यांवर फोकस, ती पान कशी कुरतडते ते दाखवायचं असेल तर तोंडावर. फोटो कशाचा काढतोय हे न ठरवता बटण दाबलं, की ऑटोफोकस बहुधा ठसठशीत ठिपकेच पकडतो.

म्हणूनच फोकस मॅन्युअल ठेवायचा. एकदा रिंग लावली की तिला हात लावू नका. कोपर कुंडीच्या काठावर टेका आणि शरीर किंचित पुढे-मागे न्या. हवा तो भाग स्पष्ट दिसला की बटण दाबा, तीन-चार फोटो सलग घ्या. शटर स्पीड १/२००च्या खाली नको. तेवढ्यासाठी आयएसओ वाढवावा लागला तर खुशाल वाढवा. थोडे दाणे आले तरी चालतात, हललेला फोटो सुधारता येत नाही. सकाळी वारा पडलेला असतो तेव्हा बसा. ऊन थेट येत असेल तर मध्ये पांढरं पातळ कापड धरा आणि सावलीच्या बाजूला कोरा पुठ्ठा उभा करा.

आणखी जवळ जायची ओढ लागलीच, तर लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारी एक्सटेन्शन ट्यूब हा स्वस्त मार्ग आहे. तिच्यात काच नसते, ती लेन्सला फक्त सेन्सरपासून दूर नेते. ५० मिलिमीटरच्या लेन्सला २५ मिलिमीटरची ट्यूब लावली की प्रतिमा अर्ध्या पटीने वाढते. पण ट्यूब लावल्यावर लांबचं काहीच फोकस होत नाही आणि प्रकाशही कमी पोहोचतो. ती घेण्याआधी महिनाभर तरी या लेन्सवरच काम करा.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळायची. अळीला काडीने सरळ करू नका, पान तोडून आत आणू नका, थंड करून गप्प बसवण्याचा प्रकार तर नकोच. फार जवळ गेलात तर तिच्या डोक्यामागून लालसर, दोन टोकांचं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. तो फोटो जबरदस्त दिसतो हे मला मान्य आहे. पण अळी घाबरली आहे, हाच त्याचा अर्थ. अशा वेळी कॅमेरा खाली घ्यायचा आणि तिला पुन्हा खायला लागू द्यायचं.

पुढच्या भागापर्यंत एकाच अळीचे, एकाच जागेवरून, एफ/५.६, एफ/८ आणि एफ/१६ला फोटो काढून ठेवा. अळी सापडली नाही तर मिरचीच्या फुलावर हेच करा. पुढच्या आठवड्यात फ्लॅशचा प्रकाश मऊ कसा करायचा ते पाहू, तेव्हा हे तिन्ही फोटो लागतील.