वडिलांची फियाट

केशवापुरात आमच्या घराला लागून पत्र्याची एक खोली आहे. गेली बावीस वर्षे तीत मी गाणे शिकवितो. सतरंजी उचलली की खालच्या शहाबादी फरशीवर एक काळपट डाग दिसतो. सोडा टाकून पाहिला, घासून पाहिला, जात नाही. तो डाग इंजिनच्या तेलाचा आहे. माझा वर्ग निघण्यापूर्वी त्या जागी अण्णांची फियाट उभी असे.

अण्णा म्हणजे माझे वडील. वयाच्या सतराव्या वर्षी, 1946 साली, ते करवीर दरबारच्या नोकरीत आपल्या गुरूंच्या मागे तंबोरा घेऊन बसू लागले. पुढे तीन वर्षांत, 1 मार्च 1949 रोजी, संस्थान विलीन झाले. ज्या दरबारावर आयुष्य काढावयाचे तोच उरला नाही. अण्णा पोटासाठी हुबळीस आले. जवळच कुंदगोळ, सवाई गंधर्वांचे गाव. गंगूबाई हनगल हुबळीतच राहत. गाण्याची कदर असलेल्या या गावात शिकवण्या लागल्या, घर उभे राहिले. मी त्यांचे शेंडेफळ, त्यांच्या पन्नाशीत झालेला. दरबार मी पाहिला नाही. मी पाहिली ती फियाट.

गाडी 1967 ची, फियाट 1100 डिलाइट. अण्णांनी ती 1974 साली जुनीच घेतली. नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, असा तो काळ. वालचंद हिराचंदांच्या उद्योगसमूहाने 1944 साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती बाहेर पडे. आधीच्या गोलमटोल मॉडेलास लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत. या डिलाइटचे पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ असे बारसे झाले. इंजिन 1089 सीसीचे, गिअर स्टीअरिंगखाली हाताशी, पुढची बैठक बाकासारखी सलग. त्यामुळे पुढे तिघे बसत, आणि मागे तबलजी, दोन तंबोरे व मी.

गवयास गाडीचे वेड असणे नवे नाही. पंडित भीमसेन जोशी स्वतः गाडी हाकीत गावोगावच्या मैफली करीत, आणि बॉनेटखालची विद्याही त्यांस अवगत होती, हे सर्वश्रुत आहे. अण्णांचे वेड त्या मानाने गरिबाचे. रविवारी सकाळी इंजिन सुरू करून ते लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टॅपेटच्या झाकणावर टेकवीत आणि त्याची लाकडी मूठ कानास लावीत. तंबोऱ्याची जवारी लावताना तारेखालचा दोरा सरकवीत असताना त्यांची मान जशी कलत असे, तशीच तेव्हाही कलत असे. मला त्या वयात दोन्ही कामे एकच वाटत.

आता जे सांगावयाचे आहे, ते सांगणे अवघड आहे.

2003 साली मी चोवीस वर्षांचा होतो. वर्ग काढावयाचा होता आणि जागा नव्हती. गाडी दोन वर्षे जागची हलली नव्हती. अण्णा चौऱ्याहत्तरीचे, डोळ्यांत मोतीबिंदू. मी विचारले, “अण्णा, गाडी काढू या का?” ते म्हणाले, “तुला योग्य वाटेल ते कर.” मी त्याचा अर्थ होकार असा घेतला. बारा हजारांत भंगारवाल्याने ती नेली. दोर बांधून गाडी फाटकाबाहेर ओढली जात होती, तेव्हा अण्णा आत तंबोरा लावीत बसले होते. त्या दिवशी तो फार वेळ लागला नाही. पुढे ते माझ्या वर्गात येऊन बसत, मुलांचे सूर दुरुस्त करीत. गाडीचा शब्द त्यांनी काढला नाही. 2006 साली ते गेले. त्यांच्या जवारीच्या दोऱ्यांच्या डबीत, कापडात गुंडाळून ठेवलेले फीलर गेज मला सापडले. टॅपेटची फट मोजावयाच्या त्या पोलादी पट्ट्या. एकीवरही गंज नव्हता. गाडी गेल्यावरही ते त्यांस तेल लावीत होते.

2022 साली मी त्या गाडीचा माग काढू लागलो. ती केव्हाच तोडली गेली होती. मग निपाणीच्या एका तंबाखू-व्यापारी कुटुंबाकडे 1967 चीच डिलाइट गोठ्यात उभी असल्याचे कळले, आणि ती मी टेम्पोवर चढवून केशवापुरास आणली.

केशवापूर ही रेल्वेच्या माणसांची वस्ती. हुबळीच्या जुन्या रेल्वे वर्कशॉपमुळे लोखंडाची भाषा जाणणारी घराणी येथे पिढ्यानपिढ्या आहेत. आमचे मिस्त्री त्यांपैकीच एक. गाडीचा तळ गंजून चाळण झाला होता, तो कापून नवा पत्रा जोडला. रेडिएटरची जाळी बदलली, वायरिंग सगळे नवे केले. बरेचसे भाग पद्मिनीचे चालतात, आणि ते कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारात मिळाले. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली. आमच्या गाडीची दारांची कुलुपे अशाच कुठल्या तरी टॅक्सीची असावीत.

रंगावरून मात्र घरात वाद झाला. मला गाडी राखी आठवे, ताईला मोतिया. फोटो एकच, तोही कृष्णधवल. अखेर मोतिया दिला. ताईने त्या गाडीतून माझ्यापेक्षा अधिक प्रवास केला होता, आणि ती गाडी विकण्यात तिचा हात नव्हता.

इंजिन सुरू झाले त्या दिवशी टॅपेट वाजत होते. मी मिस्त्रींस म्हटले, “हा खडखडाट पार बंद करा.” त्यांनी मान हलविली. “मास्तर, वाजणाऱ्या टॅपेटची काळजी नाही. इंजिन तापले की लोखंड वाढते. फट ठेवली नाही तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि त्याची कड जळते. आवाज मात्र येत नाही. जो गप्प असतो, तो जळतो.” मी काही बोललो नाही. अण्णांचे फीलर गेज त्यांच्या हाती दिले आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

नोंदणीचा प्रश्न निघाला. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करता येते. परंतु ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणावयाची, रोज वापरावयाची नाही. मी ते नाकारले आणि पाच वर्षांचे साधे नूतनीकरण करून घेतले. अण्णांची गाडी शोभेची नव्हती.

2024 च्या दसऱ्यास आम्ही तिने कोल्हापूरला आलो. दर दसऱ्याला अण्णा आम्हांस याच वाटेने आणीत. दोनशे किलोमीटर, धारवाड, बेळगाव, निपाणी. तवंदी घाटात गाडी अडखळली, तेव्हा पेट्रोल पंपावर ओले फडके टाकून थांबलो. अण्णाही तेच करीत. दसरा चौकात सोने लुटण्यास गर्दी जमली होती. छत्रपतींची मेबॅक आली, तेव्हा सगळे हात जोडून पाहत होते. अण्णा अशा वेळी डोळे मिटीत आणि नुसते इंजिन ऐकत. मीही मिटले. शेजारी ताई रडत होती.

गाडी आता आमच्या दारापुढे चिंचेखाली उभी असते, कारण तिची जागा वर्गाने घेतली आहे आणि मुलांना उठविता येत नाही. ही गाडी अण्णांची नव्हे, हे मला ठाऊक आहे. जी विकली ती परत आलेली नाही.

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी वडिलांची एखादी गाडी, पेटी किंवा शिलाईचे यंत्र धूळ खात असेल. जागा हवी असते, संसार पुढे जावयाचा असतो. काढावयाचे असेल तर जरूर काढावे. पण वडील हयात असतील तर त्यांस विचारावे, आणि “तुला योग्य वाटेल ते कर” एवढे ऐकून उठू नये. थोडा वेळ आणखी बसावे.