थांबवता न येणारा व्हिडिओ आणि शेवटच्या पानावरची किंमत



आजचा विषय रोजच्या बघण्यातला आहे. फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर एखादी जाहिरात दिसते. मधुमेहावरचा उपाय असतो, घरबसल्या कमाईची युक्ती असते, नाहीतर शेअर बाजाराचं गुपित असतं. आपण बोट टेकवतो आणि एक पान उघडतं. त्या पानावर मेनू नाही, पत्ता नाही, किंमत नाही. आहे तो एकच व्हिडिओ, आणि तो आधीच सुरू झालेला. त्यावर लिहिलेलं असतं, ‘आवाज चालू करण्यासाठी इथे दाबा’. आपण दाबतो. मग लक्षात येतं की याला थांबवायचं बटणच नाही. पुढे सरकवायची पट्टी नाही. किती मिनिटांचा आहे तेही कळत नाही. वीस-पंचवीस मिनिटं गेली, कधी चाळीसही गेली, की खाली एक मोठं बटण उगवतं, ‘आत्ताच घ्या’. तोपर्यंत किंमत गुलदस्त्यात.

धंद्यातले लोक याला ‘व्हिडिओ सेल्स लेटर’ म्हणतात, थोडक्यात ‘व्हीएसएल’. ते का वापरतात, त्यातून त्यांना काय मिळतं आणि त्याची किंमत कोण मोजतं, एवढंच आज बघायचं आहे.

आता व्हिडिओच्या नावात ‘लेटर’ कुठून आलं? अमेरिकेत टपालाने माल विकायची जुनी पद्धत आहे. कंपन्या घरोघरी पानंच्या पानं भरलेली पत्रं पाठवायच्या. आधी तुमची अडचण, मग एखाद्याची गोष्ट, मग माल, मग माल वापरलेल्यांचे अनुभव आणि सगळ्यात शेवटी किंमत. पण पत्राला एक खोट होती. वाचणारा पहिला परिच्छेद वाचून सरळ शेवटच्या पानावर जाऊ शकत होता. आकडा बघायचा, परवडण्यासारखा असेल तर मधलं वाचायचं. पुढे १९८४ साली अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने टीव्हीवरच्या जाहिरातींच्या वेळेची मर्यादा उठवली आणि अर्ध्या-अर्ध्या तासाचे विक्रीचे कार्यक्रम सुरू झाले. आपल्याकडे नव्वदच्या दशकात केबलबरोबर टेलिशॉपिंग आलं. पोट कमी करणारे पट्टे, भाज्या चिरायची यंत्रं, सगळं डब केलेल्या आवाजात. पण तिथेही रिमोट आपल्या हातात होता.

इंटरनेटवर पत्राची लांबलचक पानं झाली, तेव्हा लोक स्क्रोल करून तळाशी जायला लागले. पुन्हा तेच, आधी किंमत बघायची! व्हिडिओची पट्टी काढून टाकली, तेव्हा शेवटच्या पानावर उडी मारायची ही वाट बंद झाली. या पद्धतीचं मर्म इथे आहे.

तांत्रिकदृष्ट्या हे अगदी सोपं आहे. वेबपानावर साधा व्हिडिओ बसवताना ‘कंट्रोल्स’ हा एक शब्द लिहावा लागतो. तो लिहिला तर ब्राउझर खाली पट्टी दाखवतो, नाही लिहिला तर दाखवत नाही. मग ‘आवाज चालू करा’ हा प्रकार कशासाठी? सफारीने २०१७ मध्ये आणि क्रोमने २०१८ मध्ये, आवाजासकट आपोआप सुरू होणाऱ्या व्हिडिओंना लगाम घातला. मुका व्हिडिओ मात्र चालतो. म्हणून तो मुका सुरू करायचा आणि बोट तुमच्याकडून टेकवून घ्यायचं. तुम्ही टेकवलं की ब्राउझरच्या लेखी तुमची परवानगी झाली. खरेदीचं बटण ठरावीक सेकंदाला उगवेल अशी सोय करून ठेवलेली असते. काही ठिकाणी तर पट्टी दिसते, पण ती खोटी असते. सुरुवातीला भरभर सरकते, ‘आता संपतच आलं’ असं वाटायला लावते आणि शेवटी मुंगीच्या पावलांनी चालते.

आपल्या लोकांना ही युक्ती नवी नाही. जत्रेत किंवा आठवडी बाजारात गारुडी बसायचा. टोपलीत साप, दोरीला मुंगूस. ‘आत्ता लढाई लावतो’ म्हणून गर्दी जमवायची आणि मधल्या वेळात ताईत आणि मुळ्या विकायच्या. लढाई काही लागायची नाही! पण तिथे माणूस ‘केवढ्याला रे?’ असं मध्येच विचारू शकत होता. शेजारचा ‘काही खरं नाही’ म्हणायचा. निघून जाणारे सगळ्यांना दिसायचे. फोनवरच्या व्हिडिओसमोर माणूस एकटा असतो. मध्ये बोलणारा कुणी नाही, आणि उठून गेलेले किती, तेही त्याला दिसत नाही.

विकणाऱ्याची बाजूही ऐकू. ती खोटी नाही. नवी वस्तू असली, लोकांना तिचा उपयोग माहीत नसला, तर आधी आकडा सांगितला की गिऱ्हाईक पाठ फिरवतं. ‘आधी समजून घ्या, मग किंमत’ असं त्याला वाटणं साहजिक आहे. पण समजावून सांगायचं असेल तर गिऱ्हाइकाला मागे जाऊन दोनदा ऐकता आलं पाहिजे. साडीच्या दुकानात बाई म्हणते, ‘ती परत दाखवा, मघाची’. दुकानदार दहा घड्या उलगडतो. या व्हिडिओत मागेही जाता येत नाही. म्हणजे समजणं हा हेतू नाही, पुढे नेत राहणं हा आहे.

थांबवायचं बटण म्हणजे काय, याचा जरा विचार करा. आपण व्हिडिओ थांबवतो तेव्हा काय करतो? बायकोला विचारतो, मुलाला फोन लावतो, नाव शोधून बघतो. समजा, ऑप्शन ट्रेडिंगचा कोर्स विकणारा व्हिडिओ चालू आहे. बघणाऱ्याने दोन मिनिटं थांबवून शोधलं, तर त्याला सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अभ्यास सापडेल. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर्सच्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. हा एक आकडा वाचला की चाळीस मिनिटांच्या कहाणीची हवा निघते. बटण काढलं की हा आकडा शोधायला उसंत राहत नाही.

दुसरी गोष्ट, गेलेला वेळ. पंचवीस मिनिटं बसलेल्या माणसाला वाटतं, ‘एवढं ऐकलंय, आता किंमत तरी कळू दे’. एसटीची वाट बघत तासभर उभं राहिल्यावर रिक्षा करायला मन होत नाही, तसंच हे.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ही पद्धत चाळणीसारखी चालते. ज्याच्याकडे दुसरा पर्याय आहे, तो दोन मिनिटांत निघून जातो. डॉक्टरांची फी परवडणारा जातो, नोकरी असलेला जातो. शेवटपर्यंत कोण उरतं? ज्याची साखर वर्षानुवर्षं उतरत नाही तो. ज्याच्यावर कर्ज आहे तो. पदवी घेऊन चार वर्षं घरी बसलेला मुलगा. विकणाऱ्याच्या आलेखात हेच ‘उत्तम प्रेक्षक’ म्हणून दिसतात.

आणि जे विकत घेत नाहीत त्यांचं काय? समजा, हजार जणांनी पान उघडलं, दहांनी विकत घेतलं. उरलेल्या ९९० जणांनी सरासरी दहा मिनिटं दिली असं धरू. म्हणजे १६५ तास. हा खर्च कुणाच्याच वहीत मांडला जात नाही.

उलट उदाहरण बघा. यूट्यूबने २०१० च्या डिसेंबरात पाच सेकंदांनंतर वगळता येणारी जाहिरात आणली. प्रेक्षकाने ३० सेकंद बघितली, किंवा छोटी असेल तर पूर्ण बघितली, किंवा तिच्यावर क्लिक केलं, तरच जाहिरातदाराने पैसे द्यायचे. त्यामुळे नको असलेला माणूस निघून जाणं जाहिरातदाराच्याही फायद्याचं झालं. यूट्यूबवर न वगळता येणाऱ्या जाहिराती आहेतच, पण त्यांना सेकंदांची मर्यादा आहे. या विक्रीच्या व्हिडिओंना ती नाही.

कायदा काय म्हणतो? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’बद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात फसवणुकीचे १३ प्रकार आहेत. पट्टी लपवणं हा प्रकार नावाने त्यात नाही. पण या व्हिडिओच्या आजूबाजूला जे असतं, त्यातलं बरंच आहे. ‘फक्त ७ जागा शिल्लक’ अशी खोटी घाई त्यात येते. ‘नाही, मला गरीबच राहायचंय’ असं बटण ठेवून लाजवणं येतं. महत्त्वाची माहिती झाकून भलतीकडे लक्ष वळवणंही येतं. मधुमेह बरा करतो म्हणून औषधाची जाहिरात करायला तर १९५४ च्या औषधे व जादुई उपचारांविषयीच्या कायद्याने मनाई आहे. संकेतस्थळं सर्वांना वापरता यावीत म्हणून केलेले जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांच्या अगदी पहिल्या पातळीवरच सांगितलंय की आपोआप सुरू झालेला आवाज तीन सेकंदांपेक्षा जास्त चालणार असेल, तर तो थांबवायची किंवा कमी करायची सोय हवी. कारण अंध माणूस स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरतो, आणि या आवाजात त्याला स्वतःच्या फोनचा आवाज ऐकू येत नाही.

मग करायचं काय? बघणाऱ्यांसाठी तीन गोष्टी. पान पुन्हा उघडा. घड्याळ पुन्हा पंधरा मिनिटांपासून सुरू झालं, तर ते घड्याळ खोटं. संगणकावर असाल तर व्हिडिओवर उजवं क्लिक करून बघा, साध्या प्लेअरमध्ये पट्टी परत आणायचा पर्याय कधी कधी मिळतो. आणि त्याच दिवशी पैसे भरू नका. उद्याही वस्तू तेवढीच चांगली असेल, तर उद्या घ्या. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

तुमच्यापैकी जे क्लास चालवतात, मसाले विकतात, ऑनलाइन धंदा करतात, त्यांना एकच सांगणं. व्हिडिओ जरूर करा, हवा तेवढा मोठा करा. पण तो किती मिनिटांचा ते वर लिहा, थांबवायचं बटण ठेवा आणि किंमत खाली लिहून टाका. काही लोक किंमत वाचून जातील, जाऊ द्या. जो किंमत वाचूनही ऐकत बसला, ते तुमचं खरं गिऱ्हाईक. ते उद्या पैसे परत मागायला येणार नाही, आणि शेजाऱ्याला तुमचं नाव सांगेल.

बाजारात आपण अजूनही भाजीवालीला आधी विचारतो, ‘कशी दिली?’ ती सांगते. मग घासाघीस होते, मग पिशवीत पडते. फोनवरही हाच प्रश्न आधी विचारा. उत्तर मिळत नसेल, तर पान बंद करा.

इथेच थांबतो. प्रश्न असतील तर विचारा, मी मध्येच थांबवता येणारा वक्ता आहे. (हशा)