मगो : आजचा धाकटा, कालचा थोरला

गोवा विधानसभेचे निकाल लागले की ‘मगो’ हे नाव महाराष्ट्रातल्या वाहिन्यांवर दोन-तीन दिवस झळकते. हे मूठभर आमदार कोणाला पाठिंबा देणार, एवढीच उत्सुकता असते. ते ठरले की पुढच्या निवडणुकीपर्यंत विषय बंद. वास्तविक, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने 1963 ते 1979 या काळात, मधले काही महिने वगळता, गोव्यावर स्वबळावर राज्य केले. त्यानंतर तो सत्तेत आला तो आघाड्यांमधून, आणि तिथून त्याच्याविषयीचे समज-गैरसमज वाढत गेले. त्यांतले हे पाच.

गैरसमज 1 : जनमत कौल हरल्यावर मगो संपला.

वस्तुस्थिती : गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण व्हावे की नाही, यावर 16 जानेवारी 1967 रोजी मतदान झाले. विलीनीकरणाची निशाणी होती फूल, तर वेगळा संघप्रदेश हवा असणाऱ्यांची दोन पाने. दोन पानांना 1,72,191 मते पडली, फुलाला 1,38,170. फरक 34,021 मतांचा. ज्या मागणीसाठी पक्ष जन्मला, तीच लोकांनी नाकारली होती. तरीही अडीच महिन्यांच्या आत, मार्चअखेर झालेल्या विधानसभा निवडणुकीत मगोने 30 पैकी 16 जागा जिंकल्या. विरोधातल्या युनायटेड गोवन्स पक्षाला 12 मिळाल्या. कौलाआधी राजीनामा दिलेले दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. 1972 मध्ये तर पक्षाच्या जागा 18 वर गेल्या. विलीनीकरण नको, पण भाऊसाहेब हवेत, असे म्हणणारा मतदार गोव्यात होता, हे या आकड्यांवरून उघड आहे.

गैरसमज 2 : मगो म्हणजे फक्त विलीनीकरण आणि मराठी.

वस्तुस्थिती : नावामुळे हा समज पक्का झाला. पण वरच्या निकालाचा उलगडा नावातून होत नाही, तो जमिनीच्या प्रश्नातून होतो. पोर्तुगीज गेले तरी भाटकार, म्हणजे जमीनदार, होतेच. त्यांच्या शेतात राबणारे कूळ आणि त्यांच्याच जागेत घर बांधून राहणारा मुंडकार, दोघांच्याही डोक्यावर टांगती तलवार असे. भाटकाराची मर्जी फिरली की मुंडकाराला घर सोडावे लागे. बांदोडकर स्वतः खाणमालक. पण त्यांच्या पक्षामागे उभा राहिला तो बहुजन समाज, आणि तो याच प्रश्नासाठी. 1964 मध्ये कूळ कायदा आला. 1973 मध्ये भाऊसाहेबांच्या निधनानंतर त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. त्यांच्या काळात 1975 मध्ये मुंडकारांना हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाला आणि 1976 च्या दुरुस्तीने कसेल त्याची जमीन हे तत्त्व कूळ कायद्यात आले. गावोगाव उघडलेल्या सरकारी मराठी शाळांकडेही याच नजरेने पाहायला हवे. ज्या घरात आधी कोणी पाटी हातात धरली नव्हती, तिथली मुले त्या शाळांत गेली.

गैरसमज 3 : भाजपच्या आधाराने मगो टिकला.

वस्तुस्थिती : सुरुवातीला गणित नेमके उलटे होते. 1989 मध्ये 40 जागांच्या विधानसभेत काँग्रेसचे 20 आणि मगोचे 18 आमदार होते. पुढच्या वर्षी काँग्रेसमधून फुटलेल्या गटाशी हातमिळवणी करून मगो सत्तेत आला. आमदार मगोचे जास्त, पण मुख्यमंत्रिपद गेले फुटीर गटाकडे. आधी चर्चिल आलेमाव, मग लुईस प्रोतो बार्बोझा. 1994 मध्ये मगोने भाजपशी युती केली. मगोचे 12 आमदार आले आणि भाजपचे 4. गोवा विधानसभेत भाजपचा तो पहिलाच प्रवेश होता, आणि त्या चौघांत पणजीतून निवडून आलेले मनोहर पर्रीकर होते. 1999 मध्ये पारडे फिरले : भाजप 10, मगो 4. 2002 मध्ये भाजप 17 आणि मगो 2. मगोचा मतदार जिथे होता, त्याच हिंदू बहुजन पट्ट्यात भाजप वाढला आणि त्याला तिथले दार मगोनेच उघडून दिले होते.

गैरसमज 4 : मगो हा भाजपचा कायमचा मित्र.

वस्तुस्थिती : 1996 मध्ये मगोचे रमाकांत खलप लोकसभेवर निवडून गेले आणि केंद्रात कायदा राज्यमंत्री झाले, ते भाजपला सत्तेबाहेर ठेवणाऱ्या संयुक्त आघाडीच्या सरकारात. 2007 मध्ये मगो काँग्रेसच्या दिगंबर कामत यांच्या मंत्रिमंडळात होता. 2012 मध्ये भाजपशी युती करून त्याने तीन जागा मिळवल्या आणि सुदिन व दीपक हे ढवळीकर बंधू मंत्री झाले. 2016 च्या अखेरीस दोघांना वगळण्यात आले. 2017 ची निवडणूक मगोने गोवा सुरक्षा मंच आणि शिवसेनेबरोबर लढवली, 2022 ची तृणमूल काँग्रेसबरोबर. दोन्ही वेळा निकालानंतर पाठिंबा दिला तो मात्र भाजपला. 2017 मध्ये तर, पर्रीकर मुख्यमंत्री होणार असतील तरच पाठिंबा, अशी अट मगोने आणि तितक्याच, म्हणजे तीन आमदारांच्या गोवा फॉरवर्डने घातली. त्यासाठी तेव्हा देशाचे संरक्षणमंत्री असलेल्या पर्रीकरांना दिल्ली सोडून पणजीला यावे लागले. तीन आमदारांचे वजन किती असू शकते, ते तेव्हा दिसले.

गैरसमज 5 : पक्षांतरबंदी कायद्यामुळे छोटा पक्ष सुरक्षित असतो.

वस्तुस्थिती : आमदार जितके थोडे, तितके फोडणे सोपे. 1991 मध्ये मगोचेच रवी नाईक वेगळे होऊन काँग्रेसच्या साथीने मुख्यमंत्री झाले. त्या फाटाफुटीतून निघालेला खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. राजीनाम्याचे पत्र दिले नसले तरी आमदाराच्या वागण्यावरून त्याने पक्ष सोडल्याचे ठरवता येते, हे 1994 च्या त्या निकालातले सूत्र देशभरच्या पक्षांतराच्या खटल्यांत आजही पुढे केले जाते. 2003 च्या घटनादुरुस्तीने एक-तृतीयांश फुटीची सवलत गेली, पण दोन-तृतीयांश आमदारांच्या विलीनीकरणाची वाट खुली राहिली. चाळीस आमदारांच्या पक्षात त्यासाठी सत्तावीस जण लागतात. मगोत दोघे पुरले. पर्रीकरांच्या निधनानंतर मार्च 2019 मध्ये प्रमोद सावंत मुख्यमंत्री आणि सुदिन ढवळीकर उपमुख्यमंत्री झाले. आठवडा-दीड आठवडा जातो न जातो तोच, मध्यरात्रीनंतर, तीनपैकी दोन आमदारांनी आपला विधिमंडळ गट भाजपमध्ये विलीन केला. ढवळीकरांचे पद गेले आणि फुटलेल्या दोघांपैकी मनोहर आजगावकर उपमुख्यमंत्री झाले. म्हणजे मगोला फोडणारा विरोधक नव्हता, तो सरकारातला भागीदारच होता.

आता 1994 पासूनच्या मगोच्या जागा ओळीने वाचा : 12, 4, 2, 2, 3, 3, 2. त्याच्या शेजारी दुसरी नोंद ठेवा : 2002 पासूनच्या प्रत्येक विधानसभेच्या कार्यकाळात मगोचा मंत्री काही काळ तरी होता. सत्ता मिळत गेली आणि पक्ष आकसत गेला, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. सरकार बनवताना अडलेल्याला दोन आमदार मोलाचे वाटतात, म्हणून खाते मिळते. त्या खात्यातून मंत्री आपला मतदारसंघ बांधतो; पण शेजारच्या मतदारसंघातला कार्यकर्ता मोठ्या भागीदाराकडे वळतो, कारण उमेदवारी आणि निवडून यायची खात्री तिकडे असते. जनमत कौलातला पराभव मगोने अडीच महिन्यांत पचवला होता. आघाडीतल्या मंत्रिपदांनी केलेली झीज भरून काढणे त्याला तीस वर्षांत जमलेले नाही.