क्रॉलरला मोटर कोणती? ब्रश्ड की ब्रशलेस

विचुंबे गावाजवळून वाहणाऱ्या गाढी नदीच्या पात्रातले बेसॉल्टचे धोंडे रिमोटवर चालणाऱ्या रॉक क्रॉलरचा चांगलाच कस पाहतील. इथे वेग दुय्यम. न अडखळता, इंचाइंचाने चढणे महत्त्वाचे.

ब्रश्ड : कार्बनचे ब्रश कॉम्युटेटरवर घासत वीज पोहोचवतात. रचना साधी, किंमत कमी आणि मंद गतीतही चाल सलग. १/१० प्रमाणाच्या गाडीत सहसा ५४० मापाची, ३५ ते ५५ टर्नची (तारेच्या वेढ्यांची) मोटर बसवतात. टर्न वाढले की वेग घटतो, ताबा वाढतो. ट्रॅक्ससच्या ‘टीआरएक्स-४’मध्ये मात्र ५५० मापाची, २१ टर्नची मोटर येते. ब्रश झिजतात, चिखलपाण्यात अधिकच लवकर.

ब्रशलेस : घासणारे ब्रशच नसल्याने देखभाल कमी, कार्यक्षमता जास्त. पण सेन्सर नसेल, तर सुरुवातीला ती हिसके देते. सेन्सर रोटरची स्थिती मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरला कळवतो आणि चाल सुधारते. हॉबीविंगच्या ‘फ्यूजन’मध्ये मोटर व कंट्रोलर एकत्रच असतात.

निवड : नवशिक्यांना ३५ टर्नची ब्रश्ड मोटर पुरेशी. नेहमी खडक चढणाऱ्यांनी सेन्सरवाल्या ब्रशलेसवर खर्च करावा. पाण्यातून आल्यावर दोन्ही मोटरी वाळवून बेअरिंगला तेलाचा थेंब द्यावा.